पदार्थाला 'पारदर्शक' कधी म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'ज्यातून प्रकाश जातो तो पारदर्शक पदार्थ' अशी व्याख्या शाळेत शिकलो. पण दुधी काचेतूनही प्रकाश येतो. गडद गॉगलमधून कमी येतो, तरी त्यातून सगळं दिसतं. ट्रेसिंग पेपर अक्षरांवर टेकवला तर अक्षरं वाचता येतात, थोडा उचलला की येत नाहीत. मग 'पारदर्शक' शब्द नेमका कुठे वापरायचा, 'अर्धपारदर्शक' कुठे, आणि मालाचं वर्णन लिहिताना काय काळजी घ्यायची?

काच आणि पारदर्शक प्लास्टिक तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. शब्द मोघम वापरल्यामुळे चांगला माल परत गेलेला आणि चुकीचा माल स्वीकारला गेलेला मी पाहिला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्याख्या. 'ज्यातून प्रकाश जातो' हे अर्धंच आहे. प्रकाश पलीकडून अलीकडे येणं गरजेचं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. पलीकडची वस्तू तिच्या कडा आणि बारकाव्यांसकट दिसली पाहिजे. शब्दातही 'दर्शक' आहे, 'प्रकाशक' नाही. किती प्रकाश आला यापेक्षा तो कसा आला, म्हणजे आपली दिशा टिकवून आला की नाही, यावर पारदर्शकता ठरते.

दोन टोकाची उदाहरणं घ्या. १० नंबरची वेल्डिंगची काच दृश्य प्रकाशाचा सुमारे ०.०१४ टक्के भागच पलीकडे सोडते. हातात घेतली तर ती काळी ठिक्कर दिसते. पण आर्क पेटला की त्याच काचेतून वितळलेल्या धातूचं तळं, त्याची कड, जोड कुठे चाललाय, हे सगळं स्पष्ट दिसतं. ही काच पारदर्शक आहे. आता दुसरी वस्तू: उच्च दाबाच्या सोडियम दिव्यातली अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकची) नळी. तिच्यातून एकूण प्रकाशाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग बाहेर पडतो, म्हणजे साध्या खिडकीच्या काचेच्या जवळपास. पण त्या नळीतून पलीकडचं छापील पान वाचता येत नाही, कारण बाहेर पडणारा जवळजवळ सगळा प्रकाश दिशा बदलून येतो. ही नळी पारदर्शक नाही, ती पारभासी आहे. नव्वद टक्केवाली वस्तू पारदर्शक नाही आणि हजारात एक भागही न सोडणारी पारदर्शक आहे, हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

असं का होतं? समोरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून किरण निघतात. एका बिंदूचे किरण डोळ्याच्या भिंगातून पडद्यावर पुन्हा एका बिंदूत जमले तर ती वस्तू स्पष्ट दिसते. मधला पदार्थ किरणांची संख्या कमी करू शकतो, सपाट काचेसारखा त्यांना थोडं बाजूला सरकवू शकतो, तरी चित्र शाबूत राहतं. पण त्यानं प्रत्येक किरणाला वेगळ्याच दिशेला वळवलं तर एका बिंदूचा प्रकाश दुसऱ्या बिंदूच्या जागी जाऊन पडतो. मग फक्त उजेड उरतो, चित्र पुसलं जातं.

पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचं चार प्रकारे काहीतरी होतं: काही पृष्ठभागावरून परत फिरतो, काही आत शोषला जातो, काही विखुरतो आणि उरलेला सरळ पार होतो. परावर्तनाचं गणित सोपं आहे. ते अपवर्तनांकावर, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो हे सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असतं. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, म्हणून हवेतून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा तेवढाच. त्यामुळे कितीही शुद्ध काच घेतली तरी, वर खास लेप दिल्याशिवाय, ती ९२ टक्क्यांच्या पुढे जात नाही. अ‍ॅक्रिलिकचंही तसंच. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक जास्त, १.५८ च्या घरात, म्हणून तो दोन-तीन टक्के मागे राहतो. हिऱ्याचा तर २.४२. त्याच्या एका पृष्ठभागावरूनच १७ टक्के प्रकाश परततो, तरीही हिरा पारदर्शक आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. 'शंभर टक्के पारदर्शक' असं लिहिलेलं दिसलं की लिहिणाऱ्यानं मोजमाप केलेलं नाही, एवढं मला कळतं.

विखुरण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण पारदर्शक आणि अपारदर्शक यांच्यातला खरा झगडा तिथेच आहे. नितळ काचेचा तुकडा कुटून भुकटी करा. भुकटी पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्या थरातून पलीकडचं काही दिसत नाही. पदार्थ तोच, एक अणूही बदललेला नाही. बदललं एवढंच की आता काच आणि हवा यांच्या सीमा लाखो झाल्या. प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश मागे फिरतो, उरलेला वाकतो, आणि काही मिलिमीटरच्या आत किरणाला आपली मूळ दिशा उरत नाही. मीठ, साखर आणि बर्फाचा भुगा पांढरा दिसतो तो याच कारणानं. त्यांचा एकेक मोठा स्फटिक उचलून पाहिला तर तो नितळ असतो.

आता त्याच भुकटीवर तेल ओता. ती बरीचशी नितळ होते, कारण फटींमधली हवा जाऊन तिथे काचेच्या जवळचा अपवर्तनांक असलेलं तेल आलं. सीमा राहिल्या, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना फरक उरला नाही. फरक नाही तर परावर्तन नाही, वाकणंही नाही. बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवली तर जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास आहे. तेल लागलेला कागद उजेडात धरला की डाग चमकतो, तेही हेच. कागदाच्या तंतूंमधली हवा तेलानं हाकलून दिलेली असते.

यातूनच एक झटपट तपासणी निघते, मी ती फार वापरतो. दुधी दिसणारी काच किंवा शीट समोर आली की तिच्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवायची, दोन्ही बाजूंना. एका बाजूला पट्टी लावल्यावर तेवढ्या भागातून स्पष्ट दिसू लागलं तर दोष किंवा खडबडीतपणा त्या पृष्ठभागावर आहे: आम्लानं खरवडलेली, वाळूच्या माऱ्यानं घासलेली किंवा नुसतीच ओरखडे पडलेली वस्तू. चिकटपट्टीचा गोंद खाचा भरून काढतो. काहीच फरक पडला नाही तर विखुरणं आतून होतंय, म्हणजे आत कण, बुडबुडे किंवा स्फटिक आहेत. त्यावर पॉलिश करून उपयोग नाही. लॅमिनेटेड सुरक्षा काचेत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. दोन काचांच्या मध्ये घालायची पीव्हीबी या प्लास्टिकची शीट गुंडाळीतून काढल्यावर धुरकट दिसते, कारण हवा निघून जावी म्हणून तिचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. उष्णता आणि दाब दिला की ती काचेला घट्ट बसते, खडबडीतपणा नाहीसा होतो आणि सगळी काच स्वच्छ होते. नवीन कामगार ती शीट पाहून 'माल खराब आला' म्हणतात. त्यांची चूक नाही, कारण 'पारदर्शक' हे त्या शीटचं एकटीचं वर्णन नाहीच, ते काचेत बसल्यानंतरचं आहे.

आता आतले कण. कण किती मोठे आहेत यावर सगळं अवलंबून असतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. कण त्याच्या आसपासचे किंवा मोठे असतील आणि त्यांचा अपवर्तनांक भोवतालापेक्षा वेगळा असेल तर प्रकाश जोरात विखुरतो. कण त्यापेक्षा खूप लहान, दहा-वीस नॅनोमीटरचे असतील तर प्रकाशाला ते जाणवतही नाहीत. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांसाठी वापरतात ती झेरोदूर नावाची काच-सिरॅमिक आतून बहुतांश स्फटिकमय असते, तरी तिच्यातून पलीकडचं दिसतं, कारण स्फटिक अतिसूक्ष्म आहेत आणि त्यांचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेच्या जवळ आहे. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड जाड कणांचं असेल तर त्वचेवर पांढरा थर दिसतो, नॅनो आकाराचं असेल तर दिसत नाही. दोन्ही वेळा रसायन एकच.

आपल्या डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरचा नितळ पडदा, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं. त्यात कोलॅजेनचे तंतू आहेत, तेच कोलॅजेन डोळ्याच्या पांढऱ्या भागातही आहे. पांढऱ्या भागातले तंतू जाडीला कमीजास्त आणि अस्ताव्यस्त असतात. कॉर्नियातले सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे, सारख्या अंतरावर, ओळीनं लागलेले. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये मांडलं की या शिस्तबद्ध मांडणीमुळे बाजूला विखुरणाऱ्या लाटा एकमेकींना रद्द करतात आणि प्रकाश फक्त पुढेच जातो. काही कारणानं कॉर्नियात पाणी साचून तो सुजला की अंतरं बिघडतात आणि तो धुरकट होतो. मोतीबिंदूत डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं गोळा होऊन मोठे पुंजके बनतात, म्हणून तिथेही तेच होतं. पारदर्शकता म्हणजे 'आत काही नसणं' नव्हे. आत पुष्कळ काही असू शकतं, ते प्रकाशाला अडखळवणारं नसलं की झालं.

वर अ‍ॅल्युमिनाची नळी आली, तिची कथाही याच धाग्यातली. सिरॅमिक म्हणजे अपारदर्शक, असं एके काळी गृहीतच होतं. कपबशीपासून विटेपर्यंत सगळ्यांत बारीक छिद्रं राहतात आणि ती प्रकाश विखुरतात. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी अ‍ॅल्युमिनात किंचित मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) मिसळून ते भाजलं, तेव्हा छिद्रं जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली आणि प्रकाश आरपार येऊ लागला. तापलेल्या सोडियमच्या वाफेपुढे साधी काच किंवा क्वार्ट्झ टिकत नाही, ही नळी टिकते, म्हणून सोडियम दिवे शक्य झाले. मग छिद्रं गेल्यावरही ती नितळ का नाही? अ‍ॅल्युमिनाच्या स्फटिकाचा अपवर्तनांक दिशेनुसार थोडा बदलतो. शेजारशेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे प्रत्येक सीमेवर किरण जरासा वळतो. स्पिनेल किंवा यॅग यांच्यासारख्या, घनाकृती (क्यूबिक) स्फटिकरचना असलेल्या पदार्थांत हा दिशाभेद नसतो. म्हणून त्यांचं सिरॅमिक खरंखुरं पारदर्शक बनवता येतं.

प्लास्टिकमध्ये हाच नियम रोज दिसतो. अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट यांच्या साखळ्या अस्ताव्यस्त गुंतलेल्या असतात, आत स्फटिक बनत नाहीत, म्हणून ते नितळ. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन थंड होताना अर्धवट स्फटिक बनतात आणि दुधाळ दिसतात. पातळ फिल्ममध्ये ते लक्षात येत नाही, जाड डब्यात येतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये सॉर्बिटॉलवर आधारलेले क्लॅरिफायर घातले की स्फटिक खूप आणि बारीक बनतात, मग डबा बराच स्वच्छ दिसतो. पेट (पीईटी) या प्लास्टिकची बाटली स्वच्छ असते, कारण तिचा मूळ साचेबंद तुकडा झटकन थंड केलेला असतो आणि ताणताना बनणारे स्फटिक प्रकाशाच्या मानानं फार लहान असतात. तोच पेट सावकाश थंड होऊ दिला तर पांढरा पडतो. आणखी एक गोष्ट, जी पुनर्वापराचा माल घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी: दोन नितळ प्लास्टिक एकत्र वितळवली की नितळ प्लास्टिक मिळेलच असं नाही, बहुतेक वेळा मिळत नाही. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, पॉलिस्टायरीनचा १.५९. दोघं एकमेकांत विरघळत नाहीत, थेंब बनून राहतात आणि मिश्रण दुधाळ होतं. 'दोन्ही कच्चे माल पारदर्शक होते' ही तक्रार मग टिकत नाही.

शोषणाकडे वळू. 'पारदर्शक' म्हटलं की पुढचा प्रश्न हवा: कोणत्या प्रकाशाला? पदार्थातले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारण्याइतकी ऊर्जा फोटॉनकडे असेल तर तो शोषला जातो, नसेल तर पुढे जातो. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शुद्ध सिलिकात उडीसाठी ९ च्या आसपास लागतात, हिऱ्यात ५.५. म्हणून दृश्य प्रकाश दोन्हींतून सुखरूप जातो. सिलिकॉनला फक्त १.१ लागतात, म्हणून तो आपल्या डोळ्यांना धातूसारखा चकचकीत आणि अपारदर्शक, पण १,१०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशाला तो खिडकीसारखा मोकळा. कॅडमियम सल्फाइडला २.४ लागतात. त्यामुळे निळा भाग शोषला जातो, लाल-पिवळा पार होतो आणि स्फटिक पिवळसर-नारिंगी दिसतो. असा पदार्थ रंगीत पारदर्शक. 'पारदर्शक' आणि 'रंगहीन' हे दोन वेगळे गुण आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. लाल काच पारदर्शक आहे आणि पांढरा कागद नाही.

हा 'कोणत्या प्रकाशाला' चा मुद्दा पुस्तकी वाटेल, पण कामात तो फार महत्त्वाचा आहे, आणि डोळ्यांच्या सुरक्षेचा आहे. खिडकीची काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक, पण उष्णतेचे कॅमेरे जो ८ ते १४ मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश टिपतात त्याला पूर्ण अपारदर्शक. त्या कॅमेऱ्यातून काचेपलीकडचा माणूस दिसत नाही, काचेवर पडलेलं कॅमेरावाल्याचंच प्रतिबिंब दिसतं. उलट काळी पॉलिथीनची पातळ पिशवी डोळ्यांना अपारदर्शक, पण त्या कॅमेऱ्याला जवळजवळ नसल्यासारखी. म्हणून त्या कॅमेऱ्यांची भिंगं जर्मेनियमची असतात, आणि ती हातात घेतली तर राखाडी धातूचा तुकडा वाटतो. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४, एका पृष्ठभागावरच ३६ टक्के प्रकाश परततो, म्हणून त्यावर परावर्तनविरोधी लेप लागतोच. कार्बन डायऑक्साइड लेसरचं भिंग झिंक सेलेनाइडचं, पिवळं. त्या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, ती स्वच्छ अ‍ॅक्रिलिकमध्ये पूर्ण शोषली जाते. म्हणूनच तो लेसर अ‍ॅक्रिलिक इतक्या सफाईनं कापतो. पण १.०६ मायक्रोमीटरचा लेसर तेच अ‍ॅक्रिलिक आणि साधी काच आरामात ओलांडतो. एका लेसरसाठी योग्य असलेला स्वच्छ प्लास्टिकचा चश्मा दुसऱ्या लेसरपुढे डोळ्याला काहीच संरक्षण देत नाही, आणि दिसायला तो तोच असतो. सुरक्षा चश्म्यावर तरंगलांबी छापलेली नसेल तर तो लेसरजवळ वापरू नका.

जाडी हा दुसरा न विसरण्याजोगा प्रश्न. शोषण जाडीबरोबर गुणाकारानं वाढतं: एक मिलिमीटरनं दहावा भाग खाल्ला तर पुढचा मिलिमीटर उरलेल्याचा दहावा भाग खातो. सोन्याचा पुरेसा पातळ थर प्रकाश पलीकडे सोडतो आणि त्यातून येणारा उजेड हिरवट-निळा असतो. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या पुढच्या पडद्यावर सोन्याचा लेप याच भरवशावर देतात. म्हणजे धातूही पातळ केला की पारदर्शक म्हणता येतो. उलट, साध्या काचेचा तुकडा कडेकडून पाहा, हिरवा दिसेल. समोरून प्रकाश काही मिलिमीटर चालतो, कडेकडून कित्येक सेंटीमीटर, आणि काचेतलं किंचित लोह तेवढ्या अंतरात आपला रंग दाखवतं.

जाडीच्या या खेळात माणसानं गाठलेली सर्वांत मोठी मजल म्हणजे ऑप्टिकल फायबर. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काचेतला तोटा तिच्या मूळ स्वभावामुळे नाही, अशुद्धींमुळे आहे. तो किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत आणला तर काचेच्या तंतूतून दूरसंचार शक्य होईल. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर फक्त एक टक्का प्रकाश उरणं, आणि त्या काळच्या काचेला तेही जमत नव्हतं. १९७० मध्ये कॉर्निंग या काच कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १७ डेसिबल गाठलं. आजच्या तंतूत १,५५० नॅनोमीटरला हा आकडा ०.२ च्या आसपास आहे. म्हणजे किलोमीटरनंतर ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक, आणि तो निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. खिडकीची काच आणि ही काच, दोन्हींना आपण 'पारदर्शक' म्हणतो. जाडी सांगितल्याशिवाय तो शब्द किती कमी सांगतो हे इथे दिसतं.

आता ट्रेसिंग पेपर. तो किरणांना थोड्या कोनात पसरवतो. वस्तू टेकलेली असेल तर पसरायला अंतरच मिळत नाही, अक्षराच्या कडा टिकतात. वस्तू दोन-तीन सेंटीमीटर लांब गेली की तोच कोन मोठा धूसर डाग बनतो. वेष्टनाच्या फिल्ममध्ये हे नेहमी आडवं येतं: मालाला घट्ट चिकटलेली फिल्म स्वच्छ दिसते, सैल असेल तर तीच फिल्म धुरकट दिसते. नमुना तपासताना तो छापील कागदावर ठेवून 'पारदर्शक आहे' असा शेरा मारू नका. हातभर अंतरावरून दूरच्या वस्तूकडे त्यातून पाहा.

शब्दांबद्दल. शाळेतली पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक ही त्रयी रूढ आहे आणि साध्या बोलण्यात ती पुरते. पण 'अर्ध' मुळे निम्मा प्रकाश सोडणारा असा समज होतो, आणि तो चुकीच्या वाटेला नेतो. पातळ चांदीचा लेप दिलेला आरसा निम्मा प्रकाश परत पाठवतो, निम्मा सोडतो, पण सोडलेल्या प्रकाशात चित्र अगदी रेखीव असतं. दुधी काच कदाचित ऐंशी टक्के सोडते, चित्र शून्य. दोघांना एकाच शब्दानं हाक मारणं बरं नाही. म्हणून तांत्रिक लिखाणात दुधी काच, बटर पेपर, अ‍ॅल्युमिना यांना मी 'पारभासी' लिहितो आणि तशा आरशाला 'अंशतः परावर्तक'. गॉगलला 'गडद पारदर्शक'. जाळीदार कापडातून दिसतं ते धाग्यांच्या मधल्या भोकांतून, धाग्यातून नव्हे. त्याला 'झिरझिरीत' हा आपला शब्द अचूक आहे. 'अर्धपारगम्य' हा शब्द तर वेगळ्याच गोष्टीचा, पडद्यातून पाणी किंवा क्षार जाण्याचा, त्याची इथे सरमिसळ नको. 'पारदर्शी' आणि 'पारदर्शक' यांत अर्थाचा फरक नाही, मराठीत दुसरा जास्त रुळलेला आहे. कारभार पारदर्शक असावा असं म्हणतो तेव्हाही शब्दाचा गाभा तोच असतो: बाहेरच्याला आतलं जसं आहे तसं दिसणं.

आता मालाच्या वर्णनाबद्दल, कारण पैसा आणि वेळ तिथेच जातो. 'पारदर्शक शीट, ३ मिमी' एवढंच लिहिलं तर पुरवठादार काहीही देऊ शकतो आणि तुम्ही त्याला नाकारू शकत नाही. निदान तीन गोष्टी आकड्यांत लिहा. पहिली, एकूण प्रकाशपारगमन, टक्क्यांत, ठरावीक जाडीला. दुसरी, हेझ. एएसटीएम डी १००३ या मानकात हेझ म्हणजे पार झालेल्या प्रकाशापैकी मूळ दिशेपासून २.५ अंशांपेक्षा जास्त वळलेला भाग. तो ३० टक्क्यांच्या वर गेला की ते मानक त्या वस्तूला प्रकाश पसरवणारी मानतं. चांगल्या अ‍ॅक्रिलिक शीटचा हेझ एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असतो. हेझ वाढला की चित्रावर पांढुरका पडदा आल्यासारखा वाटतो, काळा रंग राखाडी दिसतो. तिसरी, क्लॅरिटी, म्हणजे अगदी छोट्या कोनात वळलेल्या प्रकाशाचा हिशेब. ती कमी असेल तर हेझ चांगला असूनही बारीक अक्षरं मऊ, पुसट दिसतात. हेझचा आकडा उत्तम आणि तरी ग्राहक म्हणतो 'स्वच्छ दिसत नाही', असं झालं की गडबड बहुधा इथे असते.

उपयोग दृश्य प्रकाशापुरता नसेल तर तरंगलांबीची मर्यादा लिहा. अतिनील दिव्यासमोरची खिडकी साध्या काचेची चालत नाही, कारण ती साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवते. तिथे क्वार्ट्झ लागतं. आणि वस्तू उन्हात राहणार असेल तर टिकाऊपणाही विचारा. अतिनीलरोधक थर नसलेलं पॉलिकार्बोनेट कालांतरानं पिवळं पडतं, अ‍ॅक्रिलिक त्या मानानं खूप टिकतं. ओरखड्यांपुढे मात्र दोन्ही काचेपेक्षा कमजोर आहेत. ताण असलेल्या अ‍ॅक्रिलिकवर अल्कोहोलचा बोळा फिरवला तर बारीक तडांची जाळी उमटते, ती जात नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढंच वापरा, आणि स्वीकृतीचा नमुना तपासायच्या आधी तो याच रीतीनं पुसून घ्या. बोटांचा तेलकट ठसासुद्धा हेझच्या आकड्यात उतरतो.